आमच्या फ्रीजरमधली शेती

आमच्या मजल्यावर एक शेतकरी राहतात. नाहूर स्टेशनच्या पूर्वेला, सातव्या मजल्यावर, लिफ्टमधून बाहेर पडलं की डाव्या हाताला. दारावर पितळेची पाटी आहे, तिच्यावर नंदकुमार पाताडे आणि खाली बारीक अक्षरात ‘प्रगतशील शेतकरी’. ही पदवी कोणी दिली, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. पाटी करणारा म्हणाला, खाली जागा उरतेय, काय लिहू, तेव्हा मीच सुचवलं, असं ते हसत म्हणाले. मलाही तेव्हा हसू आलं.

समोरचं दार आमचं. मी रश्मी, मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त, लघवी आणि थुंकी हाताळते, त्यामुळे सहसा मला कशाची किळस येत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून कोणी बाई नाजूक आहे म्हणायला नको.

नंदकुमारांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा घरात दोन मुलगे. थोरल्याला त्यांनी कोकणात, आंबेखोल नावाच्या आपल्या गावी, शेती सांभाळायला पाठवलं आणि धाकट्या नंदूला मुंबईत शिकायला ठेवलं. नंदू शिकला आणि एलबीएस रोडवरच्या एका औषधांच्या कंपनीत टाइम ऑफिसला लागला. पुढे कंपनीच्या जागी टॉवर आले, कामगारांना पैसे देऊन घरी पाठवलं, त्या पैशांत हा फ्लॅट झाला. इथवर या माणसाच्या आयुष्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. भांडुप-नाहूरच्या अर्ध्या घरांची हीच गोष्ट आहे. बाकीच्यांनी मग रिक्षा घेतली, विमा एजंट झाले, पोळीभाजी केंद्र टाकलं. नंदकुमारांना मात्र रिकामपणी एक शोध लागला. गावच्या सातबाऱ्यावर आपलंही नाव आहे, म्हणजे आपण शेतकरी आहोत.

शेतकऱ्यासाठी सरकारच्या किती योजना असतात हे मला त्यांच्यामुळे कळलं. ते वाचायचे, फोन करायचे, तालुक्याला जाऊन साहेबांच्या टेबलासमोर ठाण मांडून बसायचे. चिकाटी मानायलाच हवी. आणि मग अनुदानातून गावच्या शेतासाठी मिळालेल्या वस्तू एकेक करून नाहूरला यायला लागल्या. फवारणीचा पंप आला, त्याने रविवारी खाली त्यांची गाडी धुतली जाऊ लागली. शेडनेटची हिरवी जाळी आली, ती सोसायटीच्या गणपतीच्या मांडवावर चढली आणि कमिटीने माईकवरून पाताडेसाहेबांचे आभार मानले. भात झाकायची ताडपत्री गच्चीवर पसरली. ठिबकच्या नळ्या त्यांच्या बायकोच्या, नीलाच्या, तुळशीला आणि कढीपत्त्याला लागल्या. काजूची कलमं तेवढी नाहूरला पोचली नाहीत. ती गावी काळ्या पिशवीसकट खड्ड्यांत उभी केली, शेजारी उभं राहून फोटो काढला आणि त्याच संध्याकाळी ती दुसऱ्या कोणाच्या तरी खड्ड्यांत फोटोला गेली. ही हकिगत त्यांनीच आम्हाला रंगवून सांगितली. सगळे हसले. पाताडे म्हणजे डोकेबाज माणूस, असं सोसायटीत बोललं जायचं.

त्यांची आणखी एक सवय होती. गावाशी बोलायचं झालं की ते पॅसेजमध्ये यायचे आणि फोनचा स्पीकर लावून बोलायचे. नाचणी कशी आहे, रानडुकरं आली का, असं सगळं मोठ्याने. आपण शेतकरी असल्याचं मजल्याला ऐकू गेलं पाहिजे. पलीकडून बोलायची ती सुगंधा, त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ वारल्यापासून शेती ती एकटी करत होती.

सुगंधाला मी ओळखत होते. नवरा इथल्या हॉस्पिटलात होता तेव्हा ती नाहूरला राहायला आली होती. नीलाच्या घरात तिला परक्यासारखं वाटायचं, म्हणून दुपारी माझ्याकडे येऊन ओट्यापाशी उभी राहायची आणि काहीतरी निवडत, चिरत बसायची. हात रिकामा ठेवणं तिला जमायचं नाही. नवरा गेला तेव्हा रडलीसुद्धा माझ्याच स्वयंपाकघरात, कारण दिराच्या घरात पाहुणे होते. तेव्हापासून तिचा मला अधूनमधून फोन यायचा.

एकदा नंदकुमारांनी बातमी आणली की सरकार शेळ्यांचा गट देतंय, बराचसा भार सरकारचा, आणि विधवा बाईला आधी. म्हणून शेळ्या सुगंधाच्या नावावर घेतल्या. खातं तिचं उघडलं, त्याचं कार्ड यांच्या पाकिटात. मोबाइल नंबर यांचाच. बाकी काही असो, शेळ्या मात्र खऱ्या आल्या आणि सुगंधाकडे गेल्या. कानात पिवळे बिल्ले, बिल्ल्यावर नंबर, त्या नंबरावर विमा. सुगंधाने त्यांना नावं ठेवली. फोनवर ती मला एकेकीचे स्वभाव सांगायची. चंद्री म्हणे भारी मानी, दुसऱ्याने टाकलेला पाला खात नाही. दूध, करडं, लेंडीखत, सगळं मिळून तिचं घर आता दिराच्या तोंडाकडे न बघता चालू लागलं होतं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच असं झालं होतं, आणि ते तिच्या आवाजात ऐकू यायचं.

मग श्रावण आला. पाताड्यांकडे श्रावण कडक. नीला महिनाभर कांदा-लसूणही घरात आणत नाही, फ्रीज सोड्याने धुऊन घेते. आमच्याकडे श्रावण पाळत नाहीत, त्यामुळे मजल्यावरच्या ज्यांच्या घरी पाळतात पण ज्यांच्या जिभेला पाळवत नाही, त्यांचे डबे श्रावणात माझ्या फ्रीजरमध्ये असतात. कोणाचा खिमा, कोणाची सुरमई. ही आमच्याकडची जुनी रीत आहे, कोणी कोणाचा डबा उघडत नाही. नंदकुमार गावाहून आले आणि आईस्क्रीमचा एक मोठा डबा घेऊन दारात उभे राहिले. झाकणाला चिकटपट्टी.

“रश्मीताई, जरा ठेवाल? गावचं आहे. आमच्याकडे माहितीये ना, बाईसाहेब वाघीण झाल्यात.”

मी ठेवला. मधूनमधून ते यायचे, डबा मागायचे, पॅसेजमध्ये पाठ करून त्यातलं काहीतरी पिशवीत घालायचे आणि डबा परत द्यायचे. श्रावणात चोरून मटण खाणाऱ्या नवऱ्यांची मला सवय आहे. मी लक्ष दिलं नाही.

एका रविवारी मला कोळंबी करायची होती. माझी कोळंबीही आईस्क्रीमच्याच डब्यात, तोच केशर पिस्ता, आणि त्यांच्या डब्याची चिकटपट्टी उघडझाकीत कधीच निघून गेली होती. मुंबईत कुठल्याही मासे खाणाऱ्या घरात जा, आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम सापडणार नाही. मी डबा काढला आणि वितळायला सिंकमध्ये पालथा करून आंघोळीला गेले. परत येऊन बघते तर सिंकमध्ये कान.

शेळ्यांचे कान. लांब, मऊ, केसांसकट. प्रत्येकात पिवळा बिल्ला. वितळताना त्यांतून गुलाबी पाणी सुटलं होतं आणि जाळीकडे चाललं होतं. एक कान काळा होता आणि त्याच्या टोकाला पांढरा ठिपका होता. सुगंधाने मला ठिपकेवालीबद्दल सांगितलं होतं, म्हणजे तो कोणाचा ते मला माहीत होतं. मी आयुष्यात कित्येक गोष्टी काचेखाली ठेवून पाहिल्यात, पण त्या दिवशी बेसिनपर्यंतही पोचले नाही, तिथेच ओकले. आमचे हे धावत आले आणि तेही बघत उभे राहिले.

मी समोरचं दार वाजवलं. नंदकुमारांनी डबा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि आधी दार ओढून घेतलं.

“उघडलात? अहो, कशाला उघडायचं?”

“हे काय आहे?”

“विम्याचं आहे. शेळी मेली की बिल्ल्यासकट कान दाखवावा लागतो. बिल्ला नाही तर पैसे नाहीत, असा नियमच आहे.”

“एवढ्या शेळ्या मेल्या?”

“मरतील ना हळूहळू.” ते समजावणीच्या सुरात म्हणाले. “सगळ्या एकदम मेल्या तर शंका येते. या महिन्यात दोन, पुढच्या महिन्यात दोन. गावाला पावसात दोन-दोन दिवस लाईट नसते, तिथे कान कुजतात. म्हणून इकडे आणले. पंचनामा करणारा आपल्या ओळखीतला आहे.”

जिवंत शेळ्यांचे कान कापून हा माणूस ते माझ्या बर्फात ठेवून गेला होता. इथून पुढे मला त्याला अहो-जाहो करवत नाही.

मी म्हटलं, लाज नाही वाटत? त्याला खरंच वाटत नव्हती. उलट त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलच दया होती.

“रश्मीताई, तुम्ही शहरातल्या. शेतकऱ्याचं दुःख तुम्हाला नाही कळायचं. सरकार देतंय, आपण घेतोय. नाही घेतलं तर परत जातं ते. आणि शेळ्या कुठे गेल्यात? आहेत की गावाला, चरतायत. एका कानाने काय बिघडतं?”

नाहूरच्या सातव्या मजल्यावर, हातात गाडीची किल्ली घेऊन तो हे म्हणाला. ज्याने जन्मात शेण उचललं नाही तो मला शेतकऱ्याचं दुःख शिकवत होता. मागचं दार उघडून नीला आली. तिला मी डब्यात काय आहे ते सांगायला लागले तर तिने दोन्ही हात जोडले.

“नको गं सांगूस. आमचा श्रावण आहे.”

त्या जोडलेल्या हातांची मला डब्यापेक्षा जास्त किळस आली. कान मी डब्यात भरून पुरावा म्हणून परत फ्रीजरमध्ये ठेवले, त्याने मागूनही डबा दिला नाही.

दुपारी सुगंधाला फोन लावला. ती म्हणाली, “ताई, माका म्हणाले सरकारचो नियम आसा. बिल्ले बदलूचे आसत, म्हणान जुने कान काढूक व्हये. मी अडाणी. पण तेंच्या हाताक शेरडां येनत नाय. माझ्याच हाताक येतत. म्हणान मीच एकेकीक हाक मारलंय आणि मीच मान धरलंय.”

“सगळ्यांची?”

“चंद्री पळाली. ती गाभण आसा. तिका मी हाक मारूकच नाय.” मग म्हणाली, “बाकीची शेरडां आता माझ्याजवळ येनत नाय, ताई. हळद लावूक गेलंय तरी मागे सरतत.”

मी तिला सांगितलं की अमुक कर, तमुक कर, तक्रार कर. शहरातल्या माणसाला सांगायला काय जातं. तिने सगळं ऐकून घेतलं.

गोकुळाष्टमीच्या सुमाराला तिचाच फोन आला. गावात शेळ्यांची साथ आली होती. नाकाला शेंबूड, तोंडात फोड, हगवण. दवाखान्याचे लोक शाळेच्या पटांगणात लस द्यायला आले होते. गावातल्या सगळ्या बायका शेळ्या घेऊन गेल्या. सुगंधा एकट्या चंद्रीला घेऊन गेली.

“आणि बाकीच्या?”

“रानातल्या मांगरात बांधून ठेवलंय.” मांगर म्हणजे शेतावरचा गोठा. “कान नाय ती शेरडां बघून डाक्टर इचारतले. दोन तर कागदार मेली आसत. मेल्या शेरडाक लस कोण देता? भावजी म्हणतत, नाव तुमचा आसा, पोलीस तुमका नेतले.”

“सुगंधा, जा आणि खरं सांगून टाक. कान माझ्याकडे आहेत, मी फोटो काढून ठेवलेत. मी साक्ष देईन. पण शेळ्या ने.”

“नेतंय,” ती म्हणाली. पण ती गेली नाही. मला तिचा राग आला आणि मग माझाही आला, कारण पोलीस तिच्या दारात येणार होते, माझ्या नाही. नंदकुमारला मी पुन्हा गाठलं, म्हटलं, तुम्ही स्वतः डॉक्टरांना फोन करा, नाहीतर जनावरं जातील. तो लिफ्टची वाट बघत होता. “वाट लागेल माझी, ताई,” एवढंच म्हणाला आणि लिफ्ट आली तसा आत शिरला.

शेळ्या मेल्या. आज एक, उद्या एक, अशा सगळ्या. ज्यांना कान होते त्या गावातल्या शेळ्या बऱ्याचशा तगल्या. सुगंधाच्या कळपातली एकटी चंद्री राहिली, जिला लस मिळाली होती. मेलेल्या शेळ्या सुगंधाने मांगराच्या मागेच पुरल्या, कोणाला मदतीलाही बोलावता येत नव्हतं. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी कोरडा होता. ओट्यापाशी उभी राहून रडणारी बाई ती, पण या वेळी रडली नाही.

त्या दिवशी मी लॅबमधून आले, डबा काढला, लॅबचेच हातमोजे घातले आणि खाली उतरले. सोसायटीच्या बदामाच्या झाडाखाली खड्डा खणला. वॉचमन जवळ आला. “मॅडम, क्या बो रही हो?” काही नाही, म्हटलं, याचं काही उगवत नाही. राहिलेले सगळे कान मी तिथे पुरले. आमचे हे म्हणाले, पुरावा होता, ठेवायला हवा होतास. फोटो होते. पण त्या डब्याशेजारी बर्फ ठेवून तो बर्फ पाण्यात घालून प्यायला मला आणखी एक दिवसही जमलं नसतं.

गणपती करून नंदकुमार गावाहून आला. प्रसादाचे लाडू घेऊन सगळ्या मजल्यावर फिरला, शेवटी माझ्या दारात उभा राहिला. तोंडावर सुतक आणल्यासारखं केलं होतं.

“ऐकलं असेल तुम्ही. गेल्या बिचाऱ्या. देवाची मर्जी.” मग जरा पुढे वाकून म्हणाला, “तो डबा द्या ना. आता तर तुमचंही काही म्हणणं नसेल. सगळं खरंच झालं ना शेवटी? आता कोणाच्या बापाला भ्यायचं?”

ज्या खोटेपणाने शेळ्या मेल्या, तो खोटेपणा शेळ्या मेल्यामुळे धुऊन निघाला, असा त्याचा हिशोब होता, आणि तो मनापासून खूश होता.

“पुरले,” मी म्हटलं.

“काय पुरलं?”

“कान.”

तो पांढराफटक पडला. शेळ्या मेल्या तेव्हा पडला नसेल इतका. “अहो, पुरले कसे? बाकीच्या अजून कागदावर जिवंत आहेत! आता मी त्या मेल्या हे दाखवू कशाने?”

पॅसेजमधली दोन-तीन दारं किलकिली झाली. नीलाही दारात आली. ते पाहून त्याने स्वतःला सावरलं, घसा साफ केला आणि खिशातून फोन काढला. “हरकत नाही. चंद्री आहे अजून.” आणि सवयीप्रमाणे, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा स्पीकर लावला.

“वहिनी, चंद्री कशी आहे?”

“व्यायली काल,” सुगंधाचा आवाज आला. “दोन पिल्लां आसत.”

“अरे वा. झकास. मी दिवाळीत येतोय. तिचा तो कान तेवढा...”

“अडलेली ती. म्हणान मी डाक्टराक बोलवलंय घराकडे. तेणी गोठो बघल्यानी. इचारल्यानी, बाकीची खंय? मी सांगलंय.”

“काय सांगितलंत?”

“सगळा. कान कोणी कापल्यानी, कोणी धरल्यानी, सगळा.”

नंदकुमारने आजूबाजूला पाहिलं, पण स्पीकर बंद करायचं त्याला सुचलं नाही. “वहिनी, डोकं फिरलंय का? विसरू नका, नाव तुमचं आहे सगळीकडे. तुम्हालाच नेतील.”

“आसा माझा नाव. म्हणान सांगलंय पण मीच. नेतले तर नेवदेत. तुमका चंद्रीचो कान व्हयो ना? येवा. पण मी हाक मारूचंय नाय आणि धरूचंय नाय. तुमीच शेतकरी ना? तुमीच रानात जावा, तुमीच हाक मारा. येता काय बघा.”

नीलाने आत जाऊन दार लावून घेतलं, प्रगतशील शेतकऱ्याची पाटी त्या दारावर जराशी हलली. नंदकुमारने स्पीकर बंद केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फोन कानाला लावून हळू आवाजात “वहिनी, ऐका तरी” म्हणू लागला. पलीकडे तिने फोन कधीच ठेवून दिला होता.